छातीपर्यंतचे जोतीराव

अर्धपुतळ्याला हात नसतात. छातीच्या जरा खाली माणूस संपतो आणि तिथून चौथरा सुरू होतो. चौथऱ्यावर नाव, जन्ममृत्यूची साले आणि ज्यांच्या हस्ते अनावरण झाले त्या पाहुण्यांचे नाव, बहुधा मूळ नावापेक्षा ठसठशीत अक्षरांत. महाराष्ट्रात असे अर्धे माणूस होऊन राहण्याचे भाग्य ज्यांच्या वाट्याला फार आले, त्यांत जोतीराव फुले आहेत. शाळेच्या व्हरांड्यात, बाजार समितीच्या आवारात, चौकातल्या लोखंडी कठड्याच्या आत ते दिसतात. डोक्याला पागोटे, भरघोस मिशा, खांद्यावर उपरणे आणि नजर समोरच्या वाहतुकीच्या बरीच वर.

११ एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीला, हडपसरहून पुणे शहराकडे निघालेल्या माणसाला ते जागोजाग भेटत राहतात, फलकांवर, तसबिरींत, पुतळ्यांत. प्रत्येक ठिकाणी हार. झेंडू असतो, शेवंती असते, मधूनच गुलाबाच्या पाकळ्यांचा ढीग. एप्रिलच्या पुणेरी उन्हात हे सारे दुपारपर्यंत कोमेजते. जोतीरावांचे मूळ आडनाव गोऱ्हे. घरातल्या मंडळींनी पेशव्यांच्या दरबारी फुले पुरवायला सुरुवात केली आणि गोऱ्ह्यांचे फुले झाले. ज्या घराने दुसऱ्यांच्या मानपानासाठी हार-गजरे केले, त्या घरातल्या माणसापुढे आज हारांची रांग लागते. या उलटापालटीवर खुद्द जोतीरावांनी काहीतरी बोचरे म्हटले असते, यात शंका नाही.

बोचरे म्हणणे हा त्यांचा स्वभावच होता. पुतळ्यात नेमके तेच येत नाही.

याचा थोडा दोष धातूकडे जातो. ब्राँझचा पुतळा आधी मातीत घडतो. लोखंडी सांगाड्यावर माती चढवून शिल्पकार चेहरा उभा करतो, त्यावरून प्लास्टरचा साचा निघतो, साच्यातून मेणाची प्रत, मेणाभोवती पुन्हा उष्णता सोसणारा लेप. भट्टीत मेण वितळून वाहून जाते आणि त्याच्या रिकाम्या जागेत तांबे आणि कथिलाचा सुमारे हजार-अकराशे अंश सेल्सिअसला वितळलेला रस ओततात. नंतर छिन्नीने डाग काढायचे, सांधे घासायचे, आम्ल लावून रंग आणायचा. डोळ्यांची बाहुली रंगवता येत नाही म्हणून तिथे खळगा कोरतात. खळग्यात सावली पडते आणि लांबून पाहणाऱ्याला नजर दिसते. कारागिरी मोठी आहे. पण ओठांच्या कोपऱ्यात क्षणभर येऊन जाणारे हसू या पद्धतीने पकडणे महाकठीण. धातूतले हसू दुसऱ्याच दिवसापासून खोटे वाटू लागते, म्हणून शिल्पकार गंभीर चेहरा निवडतो, आणि समितीलाही तोच हवा असतो. शिवाय चौकाचौकांतले बरेचसे पुतळे मुळात ब्राँझचे नसतातच. फायबरवर तपकिरी-सोनेरी रंग मारून काम भागवलेले असते. गांभीर्य मात्र शंभर टक्के धातूचे.

विनोदी आणि उपरोधिक लेखकांची ही अडचण जगभरची आहे. स्कॉटलंडच्या टॉमस कार्लाइलचे उदाहरण घ्यावे. १७९५ मध्ये एक्लफेखन नावाच्या लहान गावात एका गवंड्याच्या घरी जन्मलेला हा गृहस्थ इंग्रजी गद्यातला मोठा तिरकस लेखक. इंग्लंडात रेल्वेचे वारे होते तेव्हा जॉर्ज हडसन नावाच्या धनाढ्याला ‘रेल्वेसम्राट’ म्हणून डोक्यावर घेतले गेले आणि त्याचा पुतळा उभारायला लोकांनी वर्गणी जमवली. पुढे हडसनच्या हिशेबातली लबाडी बाहेर आली आणि पुतळा उभारायचा राहूनच गेला. १८५० मध्ये कार्लाइलने या न झालेल्या पुतळ्यावर एक अख्खे पत्रक लिहिले. समाज कोणाला धातूत ओततो, यावरून तो मनातून कोणाची पूजा करतो हे कळते, अशी त्याची मांडणी होती. त्या काळच्या इंग्लंडातल्या पुतळ्यांची त्याने मनसोक्त टर उडवली.

पुतळ्यांनी याचा सूड घेतला. १८८१ मध्ये कार्लाइल गेला आणि १८८२ मध्ये लंडनच्या चेल्सी भागात, नदीकाठी, तो स्वतः ब्राँझमध्ये बसला. शिल्पकार बोहम. अंगात लांब झगा, खुर्चीखाली पुस्तकांची चळत. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीच्या दारावरही त्याचा दगडी अर्धपुतळा आहे. डिझरायलीने देऊ केलेली पदवी त्याने नाकारली होती, वेस्टमिन्स्टर ॲबेतली जागा नको म्हणून तो आपल्या गावच्या मातीत गेला, पण धातूपुढे त्याचे काही चालले नाही.

कार्लाइलची आठवण पुण्यात निघण्याचे एक कारण आहे. जोतीराव १८४१ ते १८४७ या काळात पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. म्हणजे त्यांच्या इंग्रजीला स्कॉटलंडचे पाणी लागले होते. तिखट लेखणी हेही दोघांतले साम्य. साम्य तिथेच संपते, आणि ते संपते ती जागा पाहण्यासारखी आहे. १८४९ मध्ये कार्लाइलने वेस्ट इंडीजमधल्या नुकत्याच मुक्त झालेल्या काळ्या मजुरांवर एक अत्यंत विखारी लेख लिहिला. इतका की त्याचे स्नेहीही दुरावले. १८७३ मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. एकाचा उपरोध वरून खाली गेला, दुसऱ्याचा खालून वर. पुतळ्यांकडे पाहून हा फरक कळत नाही. दोन्हीकडे विचारात बुडालेला एक वडीलधारा माणूस, एवढेच दिसते.

जोतीरावांचा पुतळा मात्र सहजासहजी उभा राहिला नाही. १९२४ च्या जुलैमध्ये पुण्याच्या मंडईत लोकमान्य टिळकांच्या पुतळ्याचे मोतीलाल नेहरूंच्या हस्ते अनावरण झाले. दुसऱ्या वर्षी केशवराव जेध्यांनी नगरपालिकेत ठराव आणला, की शहरात जोतीराव फुल्यांचाही पुतळा असावा. ज्या नगरपालिकेत जोतीराव स्वतः काही वर्षे सभासद होते, त्याच नगरपालिकेने तो फेटाळला. वाद पेटला, दोन्ही बाजूंनी पत्रके निघाली. दिनकरराव जवळकरांचे ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक याच धामधुमीत आले. त्यावर खटला झाला, शिक्षा झाल्या, आणि अपिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वकिली करून आरोपींना सोडवले. एका न झालेल्या पुतळ्याने जेवढे वाचायला आणि लिहायला लावले, तेवढे झालेल्या पुतळ्यांनी क्वचितच लावले असेल.

१९२५ हे साल गमतीचे आहे. त्याच वर्षी सासवडकडच्या एका तरुण मास्तराने ‘झेंडूची फुले’ नावाचा विडंबन कवितांचा संग्रह काढून मराठी काव्याची भंबेरी उडवली. प्रल्हाद केशव अत्रे. त्याच वर्षी धुळे जिल्ह्यातल्या गोंदूर गावी शिल्पकार राम सुतारांचा जन्म झाला. पुढे संसद भवनाच्या आवारातला जोतीरावांचा पुतळा याच सुतारांनी घडवला आणि ३ डिसेंबर २००३ ला पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींनी त्याचे अनावरण केले. पुण्याच्या नगरपालिकेने नाकारलेल्या माणसाला दिल्लीत पोहोचायला अठ्ठ्याहत्तर वर्षे लागली.

अत्र्यांचे या गोष्टीत आणखी काम आहे. हडपसरहून एक रस्ता दिवे घाट चढून सासवडला जातो. आषाढी वारीत दोन्ही पालख्या हडपसरला एकमेकींचा निरोप घेतात. तुकोबांची सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे आणि माउलींची या घाटाकडे. घाटापलीकडे पुरंदर तालुका. अत्र्यांचे कोडीत तिकडचे, आणि फुल्यांचे घराणे कटगुणहून येऊन ज्या खानवडीला राहिले तीही तिकडचीच. म्हणजे पुण्याच्या दोन मोठ्या टवाळखोरांची मुळे एकाच डोंगरापलीकडची. (टवाळखोर हा शब्द इथे आदरानेच वापरला आहे.) अत्र्यांनी १९५४ मध्ये ‘महात्मा फुले’ चित्रपट काढायला घेतला तेव्हा मुहूर्ताला स्वतः आंबेडकर आले होते आणि जोतीरावांची भूमिका बाबूराव पेंढारकरांची होती. त्याआधी अत्रे पुणे नगरपालिकेत असताना त्यांच्याच पुढाकाराने रे मार्केटची महात्मा फुले मंडई झाली.

इथे मात्र हसू आवरत नाही. गव्हर्नर रे यांच्या नावाने १८८६ मध्ये उघडलेल्या या टोलेजंग मंडईच्या खर्चालाच जोतीरावांचा विरोध होता. एवढा पैसा इमारतीवर घालण्यापेक्षा गोरगरिबांच्या शिक्षणावर घाला, असे त्यांचे म्हणणे. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेने हजार रुपये खर्चायचे ठरवले तेव्हाही बत्तीस सभासदांत विरोधी मत देणारे ते एकटे. आता ज्या इमारतीला ते नको म्हणाले तिच्यावर त्यांचे नाव आहे आणि शेजारी टिळकांचा पुतळा. हयातीत त्या दोघांचे फारसे पटले नाही. तरी १८८२ च्या कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांना जामीन राहायला पुढे आले ते जोतीरावांचेच स्नेही रामशेठ उरवणे. पुण्याचा इतिहास सरळ रेषेत जात नाही, गल्लीबोळांतून जातो.

पुन्हा पुतळ्याच्या कपड्यांकडे येऊ. कार्लाइलचे गाजलेले पुस्तक ‘सार्टर रिसार्टस’. त्यात एक काल्पनिक जर्मन प्राध्यापक कपड्यांचे तत्त्वज्ञान सांगतो. माणसांचे हुद्दे, सत्ता, धर्म हे सारे अंगावर चढवलेले कपडे आहेत, असा त्यातला उपहास. त्याने जे कागदावर केले ते जोतीरावांनी एका संध्याकाळी प्रत्यक्ष करून दाखवले. २ मार्च १८८८ ला ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात मेजवानी होती. शहरातली बडी मंडळी जरीच्या पागोट्यांत, हिऱ्या-मोत्यांत सजून आलेली. जोतीराव गेले ते शेतकऱ्याच्या वेषात. दारावर अडवाअडवी झाली. आत गेल्यावर त्यांनी व्हिक्टोरिया राणीच्या चिरंजिवांना सांगितले, की इथे चमकणारी ही माणसे म्हणजे हिंदुस्थान नव्हे, तो पाहायचा तर खेड्यांत जा. मेजवानीच्या टेबलावरचे चेहरे कसे झाले असतील याची कल्पनाच केलेली बरी.

हा वेष कुठल्याच अर्धपुतळ्यावर नसतो. पुतळ्याला ठेवणीतले पागोटे आणि नीट घडी घातलेले उपरणे लागते. तेच पागोटे आता निशाणी झाले आहे. २०१८ मध्ये शरद पवारांनी पुण्यातल्या सभेत यापुढे पुणेरी पगडीऐवजी फुले पगडी वापरा असे सांगितले, आणि काही दिवस गावभर पगड्यांचीच चर्चा रंगली. एवढा वेळ डोक्यावरच्या कापडाला मिळतो. डोक्यातल्या मजकुराची पाळी त्यामानाने कमी येते.

आणि हात. १८८८ च्या मे महिन्यात मुंबईच्या कोळीवाड्यात सभा भरून लोकांनी जोतीरावांना महात्मा म्हटले. दोनच महिन्यांनी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. साठी ओलांडलेला हा माणूस डाव्या हाताने लिहायला बसला आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पुरे केले. ते छापून आले १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. एखाद्या शिल्पकाराला जोतीरावांचा एकच अवयव घडवायचा असेल तर त्याने तो डावा हात घडवावा. पण अर्धपुतळ्याचा व्यवहार असा, की नेमके तेवढेच वगळले जाते.

या हातांनी कामेही तऱ्हेतऱ्हेची केली होती. जोतीराव सरकारी बांधकामांचे कंत्राटदार होते, दगड-चुन्याचा हिशेब त्यांना कळत होता. त्यांच्या उद्योगांतला एक तर धातूच्या ओतकामाला लागणारे साहित्य पुरवण्याचा होता. मूस म्हणजे काय, रस किती तापला की ओतायचा, याविषयी आज त्यांचे पुतळे ओतणाऱ्यांशी ते बरोबरीने बोलू शकले असते. कदाचित भावाची घासाघीसही केली असती. शेतीही त्यांनी केली, आणि ती हडपसरच्या शेजारी, मांजरीला. खडकवासल्याच्या धरणातून कालवा निघाला होता, पण त्याचे पाणी घ्यायला शेतकरी बिचकत होते. तेव्हा कालव्याच्या पाण्यावर शेती कशी होते हे त्यांनी जमीन घेऊन करून दाखवले.

मांजरी-हडपसरची ती शेती आता ओळखू येत नाही. सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र आणून मगरपट्टा सिटी उभी केली. उसाच्या आणि भाजीच्या जागी काचेच्या इमारती आल्या. मात्र जमीन विकून परागंदा होण्याऐवजी शेतकरीच तिथे भागीदार झाले, ही गोष्ट जोतीरावांना कानावर घालण्यासारखी आहे. इतर अनेक ठिकाणच्या गोष्टी घालण्यासारख्या नाहीत.

हडपसरचा जोतीरावांशी सगळ्यात जवळचा संबंध मात्र जमिनीचा नाही, कानांचा आहे. १८८३ मध्ये त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. पुस्तक लिहून छापखान्यात धाडायचे आणि गप्प बसायचे, ही त्यांची रीत नव्हती. लिहिता लिहिताच ते गावोगाव जाऊन शेतकऱ्यांना वाचून दाखवत. कुठे कुठे वाचले याची यादी त्यांनी स्वतः दिली आहे. मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर यांच्या बरोबरीने त्यात हडपसर आहे. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनीही ते ऐकले. म्हणजे राजवाड्याने जे ऐकले तेच हडपसरच्या शेतकऱ्यांनीही ऐकले.

काय ऐकले असेल त्यांनी? पहिल्याच प्रकरणात शेतकऱ्याच्या घरी मूल जन्मल्यापासून तो मरेपर्यंत, आणि मेल्यावरही, धर्माच्या नावाने घरातून काय काय उचलले जाते याचा पाढा आहे. सण, व्रते, ग्रह, शांती, एकामागून एक. दम न घेता चाललेली ती यादी नुसती डोळ्यांनी वाचली तर कंटाळवाणी वाटू शकते. मोठ्याने वाचली की तिची लय कळते. दर वळणावर ऐकणाऱ्याला आपलेच घर दिसत असणार, आपल्याच चुलत्याचे श्राद्ध आठवत असणार. पुढे गोरे अंमलदार येतात, त्यांच्या हाताखालचे कारकून येतात, सावकार येतो, साहेबाच्या तंबूपासून घरापर्यंत स्वतःशीच बडबडत निघालेला कर्जबाजारी कुणबी येतो. जोतीराव त्याच्या घरात शिरून भांडीकुंडी मोजावीत तसे दारिद्र्य मोजतात. राग आणि थट्टा एकाच वाक्यात. असा लेखक मराठीत त्याआधी नव्हता, आणि नंतरही फार झाले नाहीत. विनोदी वाङ्मयाच्या आपल्या इतिहासांत श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांपासून सुरुवात करण्याची पद्धत आहे. ती सोयीची असेल, पुरेशी नाही.

हा मजकूर त्या काळी पचण्यासारखा नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीरावांचेच सहकारी. त्यांच्या ‘दीनबंधु’ने पहिली दोन प्रकरणे छापली आणि पुढे हात आखडता घेतला. जोतीरावांनी आपल्याच माणसाच्या या भित्रेपणावरही कोरडा ओढला. पूर्ण पुस्तक त्यांच्या हयातीत छापून निघाले नाही. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांच्याकडून संपादन करवून ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ १९६९ मध्ये काढले, तेव्हा सर्वसामान्य वाचकाला हे सारे एका ठिकाणी मिळाले.

पुतळ्यांच्या चौथऱ्यांवर आणि शाळांच्या भिंतींवर विद्येचे महत्त्व सांगणाऱ्या ज्या ओळी रंगवलेल्या असतात, त्या असूडच्याच आरंभीच्या आहेत. त्या सगळ्यांना पाठ आहेत. अडचण एवढीच, की बहुतेकांचे वाचन तिथेच थांबते. या ओळींचा कुणाला राग येत नाही, पुढच्या पानांचा अजूनही येऊ शकतो.

समग्र वाङ्मयाचा खंड सरकारी ग्रंथागारात रास्त किमतीला मिळतो आणि बऱ्याच वाचनालयांत असतो. हडपसरमध्ये शाळा आहेत, महाविद्यालये आहेत, गणेश मंडळे आहेत, विठ्ठलराव तुपे यांच्या नावाचे नाट्यगृहही आहे. यांतल्या कुणी तरी एका संध्याकाळी पुढाकार घ्यावा. पाहुणा बोलवू नये, अध्यक्षही नेमू नये. असूडचे पहिले प्रकरण काढावे आणि मोठ्याने वाचावे. ते लिहिलेच आहे तसे वाचण्यासाठी.